चारही उत्तरं बरोबर

उस्ताद गाडीच्या लायसनच्या लेखी परीक्षेत दोनदा नापास झाले होते आणि आज सकाळी साडेअकराला तिसऱ्यांदा बसणार होते. तिसऱ्यांदा नापास झालं की सहा महिने अर्ज करायचा नाही, असा कचेरीचा नियम होता. म्हणून आठ वाजता सलून उघडल्या उघडल्या त्यांनी नियमांचं पुस्तक आरशाच्या चौकटीत, तुरटीच्या खड्याच्या वर, उघडं करून खोचून ठेवलं. एक डोळा गिऱ्हाइकाच्या गालावर आणि एक पुस्तकावर, असा त्यांचा अभ्यास चालला होता.

घरून निघताना बायकोने बजावलं होतं, "अहो, पुस्तक तुम्हाला पाठ आहे. झोपेतसुद्धा बडबडता. फक्त तिथं जाऊन सगळ्यांना हो म्हणू नका."

बायकोने बरोबर दुखरी जागा दाबली होती. उस्ताद एकतीस वर्षं लोकांच्या दाढ्या करत होते, आणि ज्याच्या गळ्याशी वस्तरा धरायचा त्याच्याशी वाद घालायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम होता. खुर्चीत बसून एकजण म्हणे, हल्लीच्या पोरांना वळण नाही. उस्ताद म्हणत, "बरोबर." तो उठून दुसरा बसे आणि म्हणे, पोरं गुणी आहेत, आईबापच बिघडलेत. उस्ताद म्हणत, "अगदी बरोबर." दोघेही खूश होऊन जात. पण परीक्षेत एकेका प्रश्नाला चार-चार उत्तरं असत. उस्तादांना ती उत्तरं दिसतच नसत. त्यांना बाकावर ओळीने बसलेली चार गिऱ्हाइकं दिसत. आता चौघांतल्या तिघांना तोंडावर चूक कसं म्हणायचं? पहिल्या खेपेला वीसपैकी आठ मिळाले, दुसऱ्या खेपेला अकरा. पास व्हायला पंधरा लागत. दुसऱ्या खेपेला परीक्षेच्या बाई कळवळून म्हणाल्या होत्या, "अहो, एकच उत्तर निवडायचं असतं!" त्यावर उस्ताद म्हणाले होते, "बरोबर आहे, बाई."

लायसन हवं होतं ते काही हौसेखातर नव्हे. नदीपलीकडे सात म्हातारे अंथरुणाला खिळलेले होते, आणि गेली कित्येक वर्षं उस्ताद आठवड्यातून एकदा सायकलवर पिशवी अडकवून त्यांच्या दाढ्या करायला जात होते. पण पुलाच्या चढाने गुडघा कामातून गेला आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. मेहुण्याने नवी गाडी घेतली होती, जुनी तो द्यायला तयार होता. मात्र "लायसन दाखवा, चावी न्या" असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. तीन आठवडे उस्ताद नदीपलीकडे गेले नव्हते. सातांतले सर्वांत वडील म्हणजे नव्वदी ओलांडलेले घड्याळजी. त्यांनी सांगावा धाडला होता, "दाढी छातीला लागली. आता येताय की मी वेणी घालू?"

तर अशा सकाळी दहाच्या सुमारास खुर्चीत बँडमास्तर बसले होते. त्यांची कॉर्नेटची पेटी पायाशी होती. मास्तरांची मिशी सव्वीस वर्षांची होती. त्यांच्या बँडच्या पाटीवर ना ढोल होता ना कॉर्नेट. नुसती दोन्ही टोकं वर वळलेली मिशी रंगवलेली होती, आणि गावाला तेवढ्यावरून कळे. लग्नाची वरात असो की पिकल्या म्हाताऱ्याची अंत्ययात्रा, वाजवायला तेच. आज संध्याकाळी पाचला पुलावर त्यांचं वादन होतं. पुलाला नवा रंग दिला होता, त्या रंगाचं उद्‌घाटन होतं.

बाकावर निवृत्त पोस्टमास्तर पेपर घेऊन बसले होते. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते रोज येत. आज पेपर बाजूला ठेवून ते एका जुन्या प्रश्नपत्रिकेतले प्रश्न विचारत होते. तेवढ्यात शेजारचा लाँड्रीवाला धुतलेल्या टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आला. बाहेर त्याची व्हॅन उभी होती. तीत इस्त्री केलेले कपडे टांगलेले होते, आणि त्यांत मास्तरांचा पितळी बटणांचा लाल गणवेशही होता.

"प्रश्न सतरावा," पोस्टमास्तर म्हणाले. "चौकात दिवा नाही, पोलीस नाही. तुमच्या उजवीकडून दुसरी गाडी येते आहे. आधी कोण जाईल?"

"उजवीकडची," उस्ताद क्षणात म्हणाले. उत्तर बरोबर होतं. गोष्ट इथंच संपायला हवी होती.

"हॅ!" लाँड्रीवाल्याने टॉवेल आपटले. "पुस्तकातलं रस्त्यावर चालत नाही. आधी मोठी गाडी जाते. समोरून ट्रक आला तर त्याला काय पुस्तक वाचून दाखवणार?"

उस्तादांनी वस्तरा पुसला. "तेही बरोबर आहे."

"मोठी-बिठी काही नाही," मास्तर फेसातून म्हणाले. "जो आधी हॉर्न देईल तो आधी. जगात वाजवणाऱ्यालाच वाट मिळते."

"तुमचंही बरोबर."

"अहो, तिघांचं कसं बरोबर असेल?" पोस्टमास्तर वैतागले. "आणि इथं चौथं उत्तर आहे, 'ज्याला घाई आहे तो.'"

उस्ताद विचारात पडले. "घाई असेल बिचाऱ्याला, तर..."

"थांबा, मी दाखवतोच," म्हणत लाँड्रीवाल्याने आरशाखालच्या फळीवर दोन फण्या आडव्या-उभ्या ठेवून चौक तयार केला. पावडरचा डबा म्हणजे त्याची व्हॅन झाली. दाढीचा ब्रश ट्रक झाला. उस्ताद एका हाताने मास्तरांचा गाल ताणून मिशीच्या कडेला वस्तरा फिरवत होते आणि मान वाकडी करून चौकाकडे पाहत होते.

"हा ट्रक उजवीकडून आला," लाँड्रीवाला म्हणाला.

"कुठल्या उजवीकडून? आरशातल्या की खऱ्या?" मास्तरांनी विचारलं.

"खऱ्या."

"मग चुकीच्या बाजूला ठेवलाय तुम्ही. खऱ्या उजवीकडून तो येणार तो असा..." आणि मास्तरांनी तो कसा येणार हे दाखवायला मान उजवीकडे वळवली.

वस्तरा मात्र सरळ जात होता.

'खर्र' असा बारीकसा आवाज झाला. मास्तरांच्या छातीवरच्या पांढऱ्या कापडावर फेसात अर्धी मिशी येऊन पडली. तिचं टोक अजून तसंच ऐटीत वर वळलेलं होतं.

उस्तादांचा हात हवेत होता तसाच राहिला. शेवटी लाँड्रीवाल्याने घसा साफ केला.

"खरं बोलू का? चूक मास्तरांची आहे. इंडिकेटर न देता वळले."

मास्तरांनी आरशात पाहिलं. डावीकडे मिशी होती. उजवीकडे कोवळं, गुलाबी, सव्वीस वर्षांत ऊन न पाहिलेलं कातडं होतं. त्यांचा चेहरा टांगलेल्या गणवेशाच्या रंगाचा झाला.

"सव्वीस वर्षं!" ते ओरडले. "सव्वीस वर्षं तूप लावून वाढवली होती! पाचला मी पुलावर असा उभा राहू?"

"उरलेली काढून टाकू का?" उस्तादांनी चाचरत विचारलं.

"हात लावाल तर याद राखा!"

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"हात लावू नये, हेच बरोबर."

"म्हणजे अशी अर्धवट ठेवू?"

"तेही बरो... नाही, म्हणजे..."

"उस्ताद, तुम्ही गप्प बसा," पोस्टमास्तर उठत म्हणाले. इतक्या वर्षांत तार आणि टपाल सांभाळलेल्या माणसाचं डोकं अशा वेळी थंड राहतं. "लायसनच्या कचेरीमागे नाटकाचं सामान भाड्याने देणारं दुकान आहे. तिथं खोट्या मिशा मिळतात. उस्तादांना तिकडेच जायचंय. लाँड्रीवाल्यांची व्हॅन दारात आहे. चला सगळे." त्यांनी पडलेली अर्धी मिशी हलक्या हाताने उचलली, टॉवेलवर टिपली आणि खिशातल्या एका जुन्या पाकिटात घातली. "माप आणि रंग जुळवायला लागेल," असं म्हणत सवयीने त्यांनी पाकिटाला जीभ लावून ते चिकटवूनही टाकलं.

उस्तादांनी आपली हत्यारांची पिशवी काखोटीला मारली. पिशवीशिवाय घराबाहेर पडायची त्यांना सवयच नव्हती. सलूनला कुलूप लागलं. तोंडावर रुमाल बांधून आणि कॉर्नेटची पेटी छातीशी धरून मास्तर व्हॅनमध्ये मागे, टांगलेल्या कपड्यांच्या आत शिरले. शेजारी पोस्टमास्तर बसले. पुढे उस्ताद आणि लाँड्रीवाला.

"जाता जाता उजळणी करून घेऊ," लाँड्रीवाल्याने गाडी सुरू केली. "हा बोर्ड काय सांगतो?"

"प्रवेश बंद."

"शाब्बास. पण तो नवख्यांसाठी असतो." व्हॅन आत शिरली. "आणि ही पांढरी अखंड रेघ?"

"ओलांडायची नाही."

"बरोबर. आता ओलांडतो, बघून ठेवा."

उस्तादांनी सीटची कड घट्ट धरली. जिभेवर काहीतरी आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मदत तो करतोय. त्याला काय बोलायचं? ते नुसतंच "हूं" म्हणाले.

पुढे चौक आला. दिवा नव्हता. पोलीसही दिसत नव्हता. उजवीकडून एक छोटी निळी गाडी येत होती. लाँड्रीवाल्याने लांबलचक हॉर्न दिला आणि व्हॅन तशीच दामटली. निळ्या गाडीचे ब्रेक किंचाळले. मागे सगळे कपडे एकदम पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर मास्तरही. झाडामागून शिट्टी वाजली. पोलीस होता; दिसत नव्हता इतकंच.

"उजवीकडची गाडी दिसली नाही?" खिडकीपाशी येऊन पोलिसाने विचारलं.

"दिसली की. पण माझी मोठी आहे," लाँड्रीवाला म्हणाला.

पोलीस उस्तादांकडे वळला. "तुम्ही शेजारी होता. तुम्ही सांगा, वाट कोणाची होती?"

एका बाजूला कायदा आणि दुसऱ्या बाजूला शेजारधर्म. उस्तादांना घाम फुटला. "साहेब, तुमचं बरोबर आहे. म्हणजे ह्यांचंही, त्यांच्या बाजूने पाहिलं तर..."

"म्हणजे तुम्ही बघतच नव्हता!" असं म्हणून पोलिसाने मागचं दार उघडलं. दोन ओव्हरकोटांच्या मधोमध तोंडाला रुमाल बांधलेला एक धिप्पाड माणूस लांबट पेटी कवटाळून बसला होता. पोलीस एक पाऊल मागे सरला. "रुमाल सोडा! आणि पेटी खाली ठेवा!"

मास्तरांनी रुमाल सोडला.

पोलिसाने ओठ घट्ट मिटले. आभाळाकडे पाहिलं. दोनदा खोकला. मग अधिकाराचा आवाज शोधत म्हणाला, "हे काय आहे?"

"अपघात," पोस्टमास्तर म्हणाले. "हेही उजवीकडच्याच वाहनाने झालं."

"आणि... उरलेली अर्धी?"

पोस्टमास्तरांनी पाकीट वर करून दाखवलं. तेव्हा मात्र पोलिसाला व्हॅनच्या पायरीवर बसावं लागलं. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

लाँड्रीवाल्याला वाटलं, सुटलो. पण डोळे पुसून पोलीस उठला आणि त्याने लाँड्रीवाल्याचं लायसन मागून स्वतःच्या खिशात घातलं. "आत्ता कचेरीत जायचं आणि लेखी परीक्षेला बसायचं. पास झालात तर लायसन हातात, नाही तर पंधरा दिवस वर्गात बसायचं आणि तोवर स्टीअरिंगला हात लावायचा नाही. चला, मी मागोमाग येतोच आहे."

"बावीस वर्षं गाडी चालवतोय मी," लाँड्रीवाला हसला. "माझी परीक्षा? बरं, बसतो. उस्ताद, काही अडलं तर माझ्याकडे बघा."

कचेरीत पोचायला अकरा सत्तावीस झाले. मास्तर रुमाल बांधून दालनाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. पोस्टमास्तर पाकीट घेऊन मागच्या दुकानाकडे गेले. परीक्षेच्या खोलीच्या दारात त्याच बाई होत्या. "आलात? या खेपेला एका प्रश्नाला एकच हं!"

"बरोबर आहे, बाई," उस्ताद म्हणाले आणि लाँड्रीवाल्याशेजारच्या संगणकापुढे बसले.

पहिला प्रश्न आला. पिवळा दिवा लागला तर काय कराल? वेग वाढवू, थांबायच्या तयारीत राहू, हॉर्न वाजवू, पुढच्या गाडीला चिकटून जाऊ. उस्तादांना 'थांबायच्या तयारीत' हे पाठ होतं. पण वेग वाढवणाऱ्याच्या घरी कोणी आजारी असलं तर? आणि हॉर्न वाजवणाऱ्याचा चेहरा हुबेहूब बँडमास्तरांसारखा दिसायला लागला. असे सात प्रश्न गेले. पाच कोरे राहिले, दोन ठिकाणी दिलेली खूण त्यांनी परत पुसली. शेजारी लाँड्रीवाला कपड्यांवर पाणी शिंपडावं तशा भराभर खुणा करत होता. दहा मिनिटांत हात झटकून तो खुर्चीला रेलला.

आठवा प्रश्न चौकाचा होता. दिवा नाही, पोलीस नाही, उजवीकडून गाडी. खाली चार उत्तरं. उजवीकडची. मोठी. हॉर्न देणारी. घाई असलेली.

उस्ताद पडद्याकडे बघतच राहिले. त्यांच्या कानात 'खर्र' आवाज झाला. सकाळी आपण पहिल्याच झटक्यात बरोबर उत्तर दिलं होतं. तेव्हाच लाँड्रीवाल्याला "तुमचं चूक" असं म्हटलं असतं, तर फण्यांचा चौक झाला नसता, ब्रशचा ट्रक झाला नसता, आणि एका भल्या माणसाची मिशी आज तिच्या जागी असती. गाडीत तोंड उघडलं असतं तर तो निळ्या गाडीवर धडकायच्या बेताला आला नसता. चौघांना खूश ठेवायला गेलो आणि एकाचं तोंड अर्धं करून बसलो. उस्तादांची कानशिलं तापली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना गिऱ्हाइकाचा राग आला.

"चूक!" ते मोठ्याने म्हणाले.

सगळी खोली वळली. बाई धावत आल्या. "काय झालं?"

"बाई, ही मोठी गाडीवाली भानगड साफ चूक आहे!"

"मग तिथं खूण करू नका."

"आणि हॉर्नवाल्याचंही चूक!"

"हळू बोला. बाकीच्यांना उत्तरं कळतायत."

उस्तादांनी पहिल्या उत्तरावर बोट असं दाबलं की टेबल हललं. मग ते मागे गेले, कोऱ्या प्रश्नांकडे. पिवळ्या दिव्यापाशी वेग वाढवणारा अजून ताटकळत होता. "तुमचं चूक," उस्ताद पुटपुटले. "तुमचंही चूक. काका, वयाचा मान ठेवून सांगतो, तुमचंसुद्धा चूक." वीस प्रश्न संपले तेव्हा त्यांना एखाद्या गच्च भरलेल्या सलूनमधून सगळ्यांना हाकलून दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं.

उस्तादांना सतरा मिळाले. लाँड्रीवाल्याला नऊ.

"मशीन बिघडलंय," लाँड्रीवाला म्हणाला. "बाई, बावीस वर्षं! उस्ताद, सांगा जरा ह्यांना, चौकात मोठी गाडी आधी जाते की नाही?"

उस्तादांचं तोंड सवयीने उघडलं. आत जो शब्द तयार होता तो त्यांनी मागे सारला. "चूक," ते अगदी हळू म्हणाले. "राग मानू नका, पण चूक."

इस्त्रीने उठून मालकाला चटका द्यावा, तसं लाँड्रीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं.

शिकाऊ परवान्याचं कोरं करकरीत कार्ड घेऊन उस्ताद बाहेर आले, तेव्हा पोस्टमास्तर दुकानातून परतले होते. त्यांच्या हातात हातभर लांबीची पांढरीशुभ्र दाढी होती.

"हे काय?" मास्तरांनी रुमालातून विचारलं.

"मिश्या संपल्या होत्या. कुठल्याशा शाळेचं नाटक आहे, सगळ्या शिपायांना गेल्या. दाढी तेवढी उरली होती."

मास्तरांनी ती लावून पाहिली. मग कॉर्नेट तोंडाशी नेलं. नळीच्या टोकाशी केसांचा झुपका गेला आणि आतून मांजर दाराच्या फटीत सापडल्यासारखा सूर निघाला. बाकांवरचे लोक सरकून बसले. मास्तरांनी दाढी काढून पोस्टमास्तरांच्या हातात दिली आणि कॉर्नेट पेटीत ठेवलं.

"चला उस्ताद," ते शेवटी म्हणाले. "काढा उरलेली."

व्हॅनच्या बाजूच्या आरशासमोर, कचेरीच्या आवारात, नळाचं पाणी डब्यात घेऊन उस्तादांनी ती काढली. या वेळी कोणी काही बोललं नाही, कोणी वळलं नाही. तोंड पुसल्यावर मास्तर आरशात वाकून बघत राहिले. ओठावरून बोट फिरवलं.

"माझा ओठ थेट माझ्या बाबांसारखा आहे हो," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं." आणि त्यांनी घाईघाईने रुमाल डोळ्यांशी नेला, आता तो तिकडे न्यायला मोकळा होता.

तेवढ्यात पोलीस आला. निकाल कळल्यावर त्याने लाँड्रीवाल्याचं लायसन आत बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन विचारलं, "मग गाडी कोण नेणार? इथं ठेवता येणार नाही."

पोस्टमास्तरांनी जन्मभर सायकलच चालवली होती. उस्तादांनी खिशातलं कार्ड काढलं. "मी नेऊ शकतो. तरुणपणी मामाचा ट्रॅक्टर चालवलाय. पण शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसायला हवा. पान नववं."

"माझं आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी लायसन पुढे केलं.

पोलिसाने फोटो पाहिला. मास्तरांकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. "हे तुम्ही नाही."

पोस्टमास्तरांनी निमूटपणे पाकीट फाडलं, आतली अर्धी मिशी काढली आणि मास्तरांच्या ओठावर उजव्या बाजूला धरली. पोलिसाने हाताने फोटोतल्या मास्तरांची डावी बाजू झाकली. नीट निरखून पाहिलं.

"जुळतंय," तो म्हणाला. "जा."

उस्ताद चालकाच्या जागेवर चढले. मास्तर गणवेश घालून आले आणि शेजारी बसले. लाँड्रीवाला मागचं दार उघडायला लागला, तसे उस्ताद खिडकीतून म्हणाले, "तुम्हाला येता येणार नाही. शिकाऊ चालकाने तिसरा माणूस घ्यायचा नाही. पान नववंच, खालून तिसरी ओळ."

"अहो, गाडी माझी आहे!"

"गाडी तुमची आहे, ते बरोबर," उस्ताद म्हणाले. "बसायचं म्हणताय, ते चूक. बसने या."

व्हॅन एक गचका देऊन निघाली. फुटपाथवर लाँड्रीवाला आणि हातात पांढरी दाढी घेतलेले पोस्टमास्तर उभे होते. उस्तादांनी दोन्ही हातांनी चाक धरलं होतं आणि ते पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जायला मनाची तयारी करत होते. प्रत्येक बोर्डापाशी ते थांबून तो पूर्ण वाचत. मागून हॉर्न वाजत. पंधरा मिनिटांनी एक बस त्यांना मागे टाकून गेली. तिच्या खिडकीतून लाँड्रीवाला काहीतरी ओरडत होता, पण उस्तादांनी समोरून नजर हलवली नाही.

पूल ओलांडायला तीन वाजले. रंगाचा वास अजून ताजा होता. पलीकडे उतरल्यावर उस्तादांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

"मास्तर, तुमचं वादन पाचला आहे. दोन तास आहेत. इथं जवळच एक दाढी राहिलीय. तुमच्याशिवाय मला गाडी हलवता येणार नाही, म्हणून विचारतो."

मास्तर आरशात स्वतःचा ओठ पाहत होते. "चला की. नाहीतरी मला आज कोण ओळखणार आहे?"

घड्याळजींच्या सुनेने दार उघडलं. खोलीत कपाटभर बंद पडलेली घड्याळं होती आणि खिडकीशी कॉटवर घड्याळजी डोळे मिटून पडले होते. दाढी खरोखरच छातीपर्यंत आली होती. उस्ताद पिशवी घेऊन पुढे झाले. त्यांच्यामागे मास्तर आत आले. अंगात पितळी बटणांचा लाल गणवेश, डोक्यावर तुऱ्याची टोपी, हातात कॉर्नेट. ते गाडीत ठेवायला त्यांचा जीव होत नव्हता. कॉटच्या पायथ्याशी ते आदबीने ताठ उभे राहिले.

घड्याळजींनी डोळे उघडले. त्यांची नजर आधी मास्तरांच्या बुटांवर पडली. तिथून ती सावकाश बटणामागून बटण मोजत वर चढली, कॉर्नेटपाशी जरा थांबली, तुऱ्यापर्यंत गेली आणि मग उस्तादांकडे वळली.

"उस्ताद," ते म्हणाले, "तीन आठवडे उशीर केलात तो केलात. पण बँड जरा लवकर आणलात. आधी दाढी तरी होऊ द्या."